रेनॉल्ड्स प्रयोगात दर वेळी वेगळा आकडा येतो, काय तपासायचं?

काल २४००, आज ३१००, परवा त्याच नळीवर ४६००. नळी तीच, पाणी तेच, हात तेच. या प्रयोगात टाकीतलं पाणी काचेच्या नळीतून सोडतात, मध्ये सुईने रंगाची बारीक रेघ सोडतात, आणि तोटी उघडत नेताना रेघ फुटते तेव्हाचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे वेग, व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून काढलेला आकडा, वहीत लिहितात. पुस्तकात २३०० छापलेलं असतं आणि ते आपल्या वहीत काही केल्या उतरत नाही. रेनॉल्ड्सचा प्रयोग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते आणि ती पुन्हा पुन्हा येते. मी हे उपकरण बरीच वर्षं हाताळतोय. सगळ्यात वाईट वाटतं ते कंटाळून वहीत २३०० लिहून टाकलेलं पाहताना, कारण खोडलेल्या ४६०० मध्ये खरी माहिती होती.

आधी मुळातली गोष्ट. लॅमिनार म्हणजे स्तरीय प्रवाह मोडून टर्ब्युलंट म्हणजे संक्षुब्ध प्रवाह कुठे सुरू होतो, हा आकडा एकट्या नळीचा नसतो. नळी आणि तिच्यात शिरणारी खळबळ, दोघांचा मिळून तो आकडा ठरतो. गोल सरळ नळीतला लॅमिनार प्रवाह अगदी बारीक धक्क्यांना दाद देत नाही. आजवरच्या गणितात तो कुठल्याही रेनॉल्ड्स अंकाला आपणहून अस्थिर होताना दिसलेला नाही. त्याला मोडायला पुरेसा मोठा धक्का लागतो आणि अंक वाढेल तसा पुरेसा या शब्दाचा अर्थ लहान लहान होत जातो. म्हणून शांत टाकीवर मोठा आकडा येतो आणि गडबडीच्या टाकीवर छोटा.

खुद्द ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळ्यांना कर्ण्यासारखं तोंड लावून, टाकीतलं पाणी निवू देऊन, म्हणजे हलायचं थांबू देऊन, मोजलं तेव्हा त्याला १२ ते १३ हजारांच्या आसपास आकडा मिळाला होता. पुढे १९१० मध्ये एकमन या संशोधकाने रेनॉल्ड्सच्याच उपकरणावर अधिक काळजी घेऊन ४० हजारांच्याही वर लॅमिनार प्रवाह टिकवला. तेच उपकरण विसाव्या शतकात पुन्हा चालवलं तेव्हा मात्र रेनॉल्ड्सएवढाही आकडा गाठता आला नाही, कारण बाहेरच्या रस्त्यावरची वाहनं जमीन हादरवत होती. तेव्हा तुमचा ४६०० चूक असेलच असं नाही. पण तो दर वेळी बदलतोय याचा अर्थ खळबळ दर वेळी वेगळी आहे, किंवा मोजणी. दोन्ही शोधता येतात.

आकडा १८०० च्या खाली येतोय?

इथून सुरुवात करा, कारण हे निदान सगळ्यात सोपं आहे. पुरेशा लांब नळीत अंक साधारण १८०० च्या खाली असेल तर तुम्ही तोंडाशी कितीही ढवळा, खळबळ पुढे जाता जाता विझते. त्यामुळे १४०० ला टर्ब्युलंट झालं असं वहीत असेल तर प्रवाहाकडे नंतर बघा, आधी स्वतःची मोजणी बघा.

पहिला संशय व्यासावर. प्रवाह मोजपात्राने मोजत असाल तर रेनॉल्ड्स अंक म्हणजे ४ गुणिले दर सेकंदाचा प्रवाह, भागिले (π गुणिले व्यास गुणिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा भागिले घनता). इथे व्यास आतला हवा. नळी आतून १२ मिमी आणि बाहेरून १५ मिमी असेल आणि कॅलिपर बाहेरून लावला असेल, तर खरा २३०० तुमच्या वहीत १८४० होऊन बसतो. आतला व्यास काढायची भरवशाची रीत म्हणजे नळीचा एक मोजलेला तुकडा पाण्याने भरायचा, त्या पाण्याचं वजन करायचं आणि व्यास उलटा काढायचा. टोकाशी कॅलिपर घातला तर फक्त टोक कळतं.

दुसरा संशय तापमानावर, आणि दिवसागणिक आकडा सरकतो त्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच. पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी १५ अंश सेल्सिअसला साधारण १.१४, २० ला १.००, २५ ला ०.८९ आणि ३० ला ०.८० असते, प्रत्येकी दशलक्षांश चौरस मीटर प्रति सेकंद. म्हणजे २० अंशांचा आकडा धरून ज्याला २३०० म्हणालात, ते पाणी प्रत्यक्षात ३० अंशांचं असेल तर तो अंक २८८० च्या घरात असतो. स्टॉपवॉचची वेळ तीच, मोजपात्र तेच, तरी २५ टक्क्यांचा फरक. थर्मामीटर टाकीत नको, बाहेर पडणाऱ्या धारेत धरा, आणि प्रत्येक वाचनाला धरा. सकाळी एकदा बघून दिवसभर तोच आकडा वापरायचा ही सवय मोडायला हवी.

तिसरा संशय डोळ्यांवर. रंगाची रेघ नागमोडी झाली म्हणजे टर्ब्युलंट झालं असं नव्हे. ती हलते, डुलते, तरी रेघच राहते. खरं संक्रमण होतं तेव्हा तोंडापासून बरंच पुढे, एका जागी रेघ फुटते आणि रंग क्षणात संपूर्ण नळीभर पसरतो. रेनॉल्ड्सने विजेच्या ठिणगीच्या उजेडात पाहिलं तेव्हा तो पसरलेला रंग भोवऱ्यांच्या वेटोळ्यांचा पुंजका दिसला होता. आज फोनच्या कॅमेऱ्याचा शटर वेगवान ठेवून तेच दिसतं. एक फोटो काढा, मोठा करा. वेटोळी असतील तर टर्ब्युलंट, नुसती वळणं असतील तर अजून नाही.

नळीच आखूड असेल तर या भागातला भरवसा थोडा सैल करावा लागतो. तोंडाशी उठलेली खळबळ विझायला अंतर लागतं, आणि तेवढ्यात नळी संपली तर विझणारी गडबडही टिकाऊ वाटते. शिवाय लॅमिनार प्रवाहाचा वेग पूर्ण परवलयाच्या आकारात यायला ०.०६ गुणिले रेनॉल्ड्स अंक इतके व्यास लागतात. अंक २००० असेल तर १२० व्यास, म्हणजे १२ मिमीच्या नळीला जवळपास दीड मीटर. अर्ध्या मीटरच्या नळीवर प्रयोग चालला असेल तर पुस्तकातल्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

दिवसागणिक आकडा बदलतो, पण त्या दिवसापुरता स्थिर राहतो

तापमान तपासून झालं असेल तर आता टाकीकडे वळा. टाकी भरल्यावर पाणी वरून शांत दिसतं, आतून ते कितीतरी वेळ फिरत असतं. १० सेंटीमीटरच्या भोवऱ्याला निव्वळ व्हिस्कॉसिटीच्या जोरावर थांबायला किती वेळ लागेल याचा अंदाज लांबीचा वर्ग भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी असा काढतात. तो ११ हजार सेकंद येतो, म्हणजे तीन तास. प्रत्यक्षात थोडं लवकर निवतं, पण भरून पाच मिनिटांत वाचन घेणं म्हणजे टाकीतले भोवरे नळीत पाठवणं. मी आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवतो. ते जमत नसेल तर निदान प्रत्येक वेळी सारखाच वेळ थांबा, आणि तो वेळ वहीत लिहा. सारखा वेळ थांबल्याने आकडा बरोबर येईल असं नाही, पण रोज तोच येईल.

पाण्याची पातळी स्थिर राहावी म्हणून वरून सतत पाणी सोडणारी रचना असेल तर ते पाणी कुठे पडतं ते पाहा. मोकळी धार पडत असेल तर सगळं निवणं फुकट गेलं. भरायच्या नळाचं टोक पाण्याखाली, मागच्या भिंतीकडे वळवा आणि मध्ये छिद्रांचा पत्रा, स्पंज किंवा काचेच्या गोट्यांचा थर द्या. खोली गरम आणि पाणी गार असेल तर टाकीच्या भिंतीलगत पाणी वर चढतं आणि मध्ये खाली उतरतं. ही संथ चक्कर डोळ्यांना दिसत नाही. रंगाचा एक थेंब सोडून पाच मिनिटं बघत बसा, कळेल.

रात्रभर पाणी ठेवण्याची एक अडचण आहे, आणि तिने मला आठवडाभर छळलं होतं. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा हळूहळू बाहेर येते आणि काचेला बुडबुडे धरतात. एकदा सहा हजारांच्या वर जाणारं उपकरण अचानक २५०० ला फुटायला लागलं. टेबल बदललं, तोटी उघडून साफ केली, रंग बदलला, काही फरक नाही. शेवटी बॅटरी घेऊन कर्ण्याच्या तोंडाशी डोळा लावला तेव्हा आतल्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा चिकटलेला दिसला. मऊ ब्रशने तो पुसला आणि पुढच्याच वाचनाला रेघ सरळ. तेव्हापासून वाचनं सुरू करण्याआधी तोटी पूर्ण उघडून मिनिटभर नळी धुऊन काढतो, मग कर्ण्याची कड ब्रशने पुसतो, आणि पाणी पुन्हा निवेपर्यंत थांबतो.

त्याच जागी आणखी एक चोर असतो. कर्णा आणि नळी यांच्या सांध्यात वॉशर किंचित आत आलेला असतो, किंवा दोन व्यासांत अर्ध्या मिलिमीटरची पायरी असते. सांधा उघडून बोट फिरवा. बोटाला जे लागतं ते पाण्याला केव्हाच लागलेलं असतं.

कंपनांबद्दल थोडक्यात: त्याच टेबलावर पंप नको, मोजपात्रात पडणाऱ्या धारेचा ठोका टाकीच्या स्टँडला लागू देऊ नका, आणि वाचन चालू असताना टेबलाला टेकू नका. शंका असेल तर मुद्दाम टेबलावर बोटाने टकटक करा. रेघ लगेच फुटली तर तुमचा आकडा टेबल ठरवतंय.

रंगच गडबड करतोय का?

हे तपासायला लोक विसरतात, कारण रंग म्हणजे आपला साक्षीदार, त्याच्यावर कोण संशय घेणार. पण सुई स्वतः प्रवाहात उभी असते. रंग सुईतून आजूबाजूच्या पाण्यापेक्षा जोरात निघाला तर ती बारीक पिचकारी होते आणि तीच प्रवाह मोडते. रंगाची बाटली खाली आणा, रेघ सुईच्या तोंडापेक्षा जाड न होता सावकाश ओढली जाईल इतपत.

सुई कुठे ठेवायची याचं एक छोटं गणित करून पाहण्यासारखं आहे. समजा सुईचा आडवा दांडा २ मिमी जाड आहे आणि नळीत सरासरी वेग सेकंदाला १७ सेंटीमीटर आहे. दांडा नळीच्या आत असेल तर त्याचा स्वतःचा रेनॉल्ड्स अंक ३८० च्या आसपास येतो. आडव्या गोल दांड्यामागे सुमारे ४७ पासूनच भोवरे सुटायला लागतात, म्हणजे सुईमागे भोवऱ्यांची रांग लागणारच. तोच दांडा कर्ण्यात, जिथे व्यास नळीच्या चौपट आहे तिथे ठेवला तर वेग सोळाव्या हिश्शावर येतो आणि अंक २४ होतो. भोवरे नाहीत. म्हणून सुई कर्ण्याच्या रुंद भागात, टोक बरोबर मध्यावर. नळीत खोल घुसवलेली सुई हे सतत छोटा आकडा येण्याचं नेहमीचं कारण.

आडव्या नळीत रेघ पुढे जाता जाता खाली उतरत असेल तर रंग पाण्यापेक्षा जड आहे. पोटॅशियम परमँगनेटचं दाट द्रावण हमखास असं करतं. ते पातळ करा, टाकीतलंच पाणी वापरून करा आणि बाटली तासभर टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवा म्हणजे तापमान जुळेल. रेघ वर चढत असेल तर रंग गरम आहे.

आकडा मिनिटामिनिटाला बदलतो, रेघ मध्येच फुटते, मध्येच जुळते

ही खरं तर बिघाडाची खूण नाही, आणि मला या प्रयोगात सगळ्यात जास्त आवडणारी जागा हीच आहे. संक्रमण एखाद्या बटणासारखं होत नाही. २००० ते २७०० च्या पट्ट्यात नळीतून संक्षुब्ध पाण्याचे सुटे तुकडे वाहत जातात, मागेपुढे लॅमिनार पाणी आणि मध्ये वीस-तीस व्यास लांबीचा खवळलेला भाग. याला पफ म्हणतात. मागची कड धारदार, पुढची विरळ. नळीच्या एकाच जागी नजर ठेवली तर रेघ सरळ, मग एकदम विस्कटलेली, मग पुन्हा सरळ दिसते. ३००० च्या वर असा भाग दोन्ही टोकांनी वाढत जातो, त्याला स्लग म्हणतात. वायगनान्स्की आणि शॅम्पेन यांनी १९७३ मध्ये या दोघांतला फरक नीट मांडला.

आता तुम्ही काय करता? रेघ दोन सेकंद फुटली की संक्रमण म्हणता आणि मग मिनिटभर पाणी गोळा करता. ते मिनिट काही त्या दोन सेकंदांचं नसतं. त्याऐवजी तोटी हलवू नका, पाच मिनिटं बघा, नळीच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका खुणेसमोर रेघ किती वेळ विस्कटलेली असते ते स्टॉपवॉचने मोजा आणि टक्केवारी लिहा. २२०० ला इतका वेळ, २४०० ला इतका. एका आकड्याऐवजी एक उतार मिळतो, आणि तो पुन्हा पुन्हा तसाच येतो.

कधी कधी मात्र हेच फुटणं-जुळणं तालात होतं आणि बाहेर पडणारी धारही तालात पुढे-मागे सरकते. हे नळीचं आणि टाकीचं मिळून चाललेलं असतं. अंक २३०० असताना लॅमिनार प्रवाहाचा घर्षण गुणांक ६४ भागिले अंक, म्हणजे ०.०२८, टर्ब्युलंट झाला तर ब्लासियसच्या सूत्राने, म्हणजे टर्ब्युलंट प्रवाहाच्या घर्षणाच्या नेहमीच्या सूत्राने, ०.०४६. खवळलेला भाग आला की घर्षण वाढतं, प्रवाह मंदावतो, अंक घसरतो, नवी खळबळ थांबते. तो भाग बाहेर पडला की प्रवाह पुन्हा वाढतो, पुन्हा फुटतो.

हे आवरायचं तर नळीतला तोटा, म्हणजे घर्षणात खर्च होणारा दाब, एकूण दाबाच्या मानाने लहान ठेवायचा. १२ मिमी व्यासाच्या दीड मीटर नळीत, पाणी २५ अंशांचं असताना, २३०० ला लॅमिनार प्रवाहाचा तोटा जेमतेम ५ मिमी उंच पाण्याच्या दाबाएवढा आहे, टर्ब्युलंट झाला तर साडेआठ. टाकीची उंची ३० सेंटीमीटर असेल आणि बाकीचा सगळा दाब शेवटच्या तोटीत खर्च होत असेल तर हा फरक प्रवाहाला जाणवतही नाही. ६ मिमीच्या नळीत तोच तोटा आठपट होतो, ४१ मिमीवरून ६८, आणि टाकीची पातळी कमी असेल तर ताल धरलाच म्हणून समजा. टाकी उंच करा, टोकाला बारीक तोटी लावा. तोटी नळीच्या शेवटीच असली पाहिजे; वरच्या बाजूला लावली तर तीच ढवळते.

वाढवताना एक, कमी करताना दुसरा

प्रवाह वाढवत गेलं तर ४६०० ला फुटतो आणि कमी करत आणलं तर २१०० पर्यंत जुळत नाही, असं झालं की लोक घाबरतात. घाबरू नका. वरचा आकडा तुमच्या उपकरणाच्या शांततेचा आहे, तो तुमच्यापुरता. खालचा आकडा पाण्याचा आणि गोल नळीचा आहे, आणि तोच सगळीकडे जुळतो. रेनॉल्ड्सने दाबाच्या मोजणीवरून तो २००० च्या जवळ काढला होता. २०११ मध्ये ब्योर्न हॉफ यांच्या गटाने खूप लांब नळ्या वापरून दाखवलं की २०४० च्या आसपास पफ विझण्याचा आणि एकाचे दोन होण्याचा वेग बरोबरीला येतो. त्याच्या वर संक्षुब्धता कायम टिकते. पुस्तकातला २३०० हा याच भागातला सोयीचा आकडा आहे, निसर्गाने आखलेली रेषा नव्हे.

म्हणून दोघांनी वेगवेगळ्या टेबलांवर जुळणारं उत्तर हवं असेल तर खालचाच मोजा. कर्ण्याच्या तोंडात मुद्दाम एक काडी आडवी अडकवा, म्हणजे खळबळ भरपूर आणि दर वेळी सारखी. तोटी उघडून प्रवाह पूर्ण टर्ब्युलंट करा. मग तोटी अगदी थोडी थोडी बंद करा, प्रत्येक पायरीला पाणी नळीतून किमान पाच वेळा वाहून जाईल इतकं थांबा, आणि नळीच्या शेवटच्या अर्ध्या मीटरवर नजर ठेवा. पफ विरळ होत जातील. ज्या पायरीनंतर पाच मिनिटांत एकही पफ आला नाही तिथे पाणी गोळा करा. १२ मिमीची नळी आणि २५ अंशांचं पाणी असेल तर एक लिटर भरायला ५१-५२ सेकंद लागले म्हणजे २३००, ६० च्या जवळ गेलं म्हणजे २०००. तीनदा करा. तिन्ही आकडे २००० च्या आसपास आले आणि त्यांच्यात शंभराच्या आतबाहेर फरक राहिला तर उपकरण, थर्मामीटर आणि व्यास तिन्ही ठीक आहेत.

त्यानंतर काडी काढा आणि वरचा आकडा पुन्हा घ्या. त्याच्याशेजारी पाणी किती तास निवलं, सुई कुठे होती आणि तापमान काय होतं ते लिहा. काडी काढायची राहिली तर उद्या इथे उभा राहणारा विद्यार्थी दिवसभर कर्णा, रंग आणि टेबल तपासत बसेल.